रॅम्पवर अडकलेली गाडी आणि १४ नंबरखालचे लाल डाग

कुलकर्णी बी-५०३: बेसमेंटच्या रॅम्पवर मधोमध पांढरी गाडी कोणाची आहे?? मागे आम्ही चौघं अडकलोय, मुलीची परीक्षा आहे. 

सचिन ए-२०४: सॉरी काका माझीच आहे. डी ला म्हणजे ड्राइव्हला टाकलीये, इंजिन नुसतं ओरडतंय, आरपीएम वर जातो पण गाडी चढत नाही, उलट मागे येते. वॉचमनने चाकाला दगड लावलाय

निलेश बी-७०४: सचिनदादा पहिला टाका की 😄

सचिन ए-२०४: ऑटोमॅटिक आहे रे

निलेश बी-७०४: माहितीये म्हणूनच म्हणतोय

पाटील ए-३०१: क्लचप्लेट गेली. माझ्या साडूच्या सेलेरिओचं सेम झालं होतं.

मृणाल ए-६०२: पाटील काका सेलेरिओला एएमटी असते, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच मशीन दाबतं. दादांची टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे जाते, त्यात तशी क्लचप्लेट नसते, सगळं ऑइलच्या प्रेशरवर चालतं. दादा प्लीज रेस देऊ नका, गिअरबॉक्सच्या आतले छोटे क्लच जळतील. इंजिन चालू ठेवा, ब्रेक धरत धरत हळू खाली घ्या आणि सपाटीवर चालते का ते सांगा

पाटील ए-३०१: क्लच नाही म्हणता आणि क्लच जळतील पण म्हणता. असो.

सचिन ए-२०४: आली खाली. सपाटीवर चालतेय! फक्त डी टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धप्पकन झटका. हे गेले काही दिवस होतच होतं पण गाडी चालत होती म्हणून...

कुलकर्णी बी-५०३: निघालो. धन्यवाद. पण विषय संपलेला नाही हे लक्षात असू द्या.

सचिन ए-२०४: शनिवारी गॅरेजला दाखवली होती. स्कॅनर लावला, पी०७०० कोड आला, म्हणाले गिअरबॉक्स गेला, पूर्ण असेंब्ली बदला, पावणेदोन लाख. तेव्हापासून झोप नाही

मृणाल ए-६०२: त्यांनी ऑइलची लेव्हल बघितली का?

सचिन ए-२०४: डिपस्टिकच नाही म्हणाले या गाडीला

मृणाल ए-६०२: नसते बऱ्याच नव्या गाड्यांना. पण म्हणून बघता येत नाही असं नाही, गाडी लिफ्टवर सपाट घेऊन, इंजिन चालू ठेवून, ऑइल कंपनीने दिलेल्या टेंपरेचरला आलं की खालचा प्लग उघडून बघतात, बारीक धार लागली तर लेव्हल बरोबर. आणि पी०७०० म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नसतं हो, त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरने (टीसीएम) काहीतरी फॉल्ट नोंदवलाय. नक्की काय ते टीसीएम वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, साधे स्कॅनर इंजिनपाशीच थांबतात

पाटील ए-३०१: मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, ट्रान्समिशन ऑइल लाइफटाइम आहे. बघायची, बदलायची गरज नाही. गॅरेजवाले उगाच पैसे काढतात.

जाधव काका बी-१०१: सपाटीला चालते आणि चढाला दम सोडते म्हणजे तेल कमी. चढावर तेल मागच्या बाजूला जातं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं. एसटीच्या दापोडी वर्कशॉपला उभी हयात गेली माझी.

निलेश बी-७०४: काका एसटीला ऑटोमॅटिक कधी आलं 😄

जाधव काका बी-१०१: सील सगळ्यांचेच गळतात बाळा.

मृणाल ए-६०२: काका अगदी बरोबर! तेच म्हणत होते. सचिनदादा तुमची गाडी बी विंगच्या १४ नंबर पार्किंगला लागते ना, तिथे खाली काही डाग आहेत का बघाल?

गोखले काकू ए-१०२: १४ नंबर? लाल डाग? अहो त्या पानाच्या पिचकाऱ्या आहेत असं सेक्रेटरी साहेबांनी जाहीर केलंय, नोटीस लागलीय खाली!

साठे सेक्रेटरी: नोटीस सर्वांसाठी आहे. कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

गोखले काकू ए-१०२: नाव नाही घेतलं पण बघितलं कोणाकडे ते सगळ्यांनी पाहिलंय. आमचा ड्रायव्हर माळकरी आहे, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. बिचारा तेव्हापासून गाडी बाहेर रस्त्यावर लावतोय.

साठे सेक्रेटरी: ताई हा विषय वेगळा आहे. हाउसकीपिंगवाले म्हणाले होते की फिनेलने डाग निघत नाहीत, त्यावरून कमिटीने अंदाज बांधला.

गोखले काकू ए-१०२: नुसत्या अंदाजावर नोटीस लावायची नसते. हे कमिटीला माहीत नाही?

पाटील ए-३०१: कूलंट असेल. तेही लाल असतं.

मृणाल ए-६०२: असू शकतं. रात्रभर खाली पेपर टाकून ठेवा. कूलंट पाण्यासारखं पसरून वाळतं, गिअरबॉक्सचं ऑइल तेलकट पारदर्शक डाग ठेवतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं

कुलकर्णी बी-५०३: परीक्षेला वेळेत पोचलो. आता रॅम्पबद्दल. ऑटोमॅटिकवाले सगळे रॅम्पवर थांबले की ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात, रोज बघतो मी.

मृणाल ए-६०२: कुलकर्णी काका हे मात्र खरंय. एएमटी आणि ड्युअल क्लचवाल्यांनी तर अजिबात करू नये, क्लच तापून वास येतो. ब्रेकच दाबायचा. आणि उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक, मग पी म्हणजे पार्क, नाहीतर सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर येतं

साठे सेक्रेटरी: मृणाल, हे दोन ओळीत लिहून दे, खाली लावतो.

गोखले काकू ए-१०२: लावा अजून एक नोटीस.

निलेश बी-७०४: सगळ्यांनी ईव्ही घ्या, कटकटच नाही गिअरबॉक्सची

साठे सेक्रेटरी: चार्जिंग पॉइंटचा विषय एजीएममध्ये झालेला आहे.

निलेश बी-७०४: झालेला नाही, पुढे ढकललेला आहे. मिनिट्स परत टाकू का

पाटील ए-३०१: परत टाकतो, कोणी वाचलेलं दिसत नाही: मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, ट्रान्समिशन ऑइल लाइफटाइम आहे.

मृणाल ए-६०२: काका वाचलं. झेडएफ ही जर्मन कंपनी, गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते, ती स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की ऑइल बदला. आणि लाइफटाइम धरलं तरी ते गिअरबॉक्सच्या आत असायला हवं ना, इथे ते फरशीवर आहे

जाधव काका बी-१०१: सकाळी जाऊन आलो. पेपर टाकला होता. तेलच आहे, लालसर तपकिरी, किंचित करपट वास. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने सगळं शिंतोडलंय, वर बोट फिरवलं तर ॲक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे ओलं. सील गेलंय. पावणेदोन लाख म्हणे.

सचिन ए-२०४: काका तुमचे उपकार 🙏 टोइंगवाल्याला फोन केला, त्याचा फ्लॅटबेड बेसमेंटमध्ये शिरत नाही म्हणतो, दोरी बांधून ओढतो म्हणाला

मृणाल ए-६०२: नको! पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर फिरतो, इंजिन बंद तर आत तेल फिरत नाही. मेकॅनिकला खालीच बोलवा, मॅन्युअलमधल्या नंबरचंच एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणायला सांगा, भरून मग चढवा. सीव्हीटी म्हणजे बेल्टवाल्या ऑटोमॅटिकचं वेगळं असतं, "सगळ्यांना चालतं" म्हणाला तर घेऊ नका

सचिन ए-२०४: दुसरा एकजण मशीनने सगळं ऑइल फ्लश करू म्हणतोय

मृणाल ए-६०२: आत्ता नको. आधी सील, लेव्हल, टीसीएम स्कॅन. मग चालवून बघा आणि नंतर साधं ड्रेन करून भरा. एका वेळी सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही दिवसांनी परत एकदा

पाटील ए-३०१: म्हणजे दोनदा पैसे. मी काय म्हणत होतो.

सचिन ए-२०४: अपडेट. दीड लिटरच्या वर ऑइल गेलं आत! भरल्यावर रॅम्प एका दमात चढली. गॅरेजला सील बदललं. टीसीएममध्ये पी०७३० होता, गिअर रेशो चुकीचा, घसरत असणार ऑइलअभावी. कोड काढले, परत आला नाही अजून. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी चिखल होता, फोटो टाकलाय

मृणाल ए-६०२: बारीक चिखल चालतो, धातूचे कण किंवा तुकडे दिसले असते तर काळजी होती. डी ला झटका?

सचिन ए-२०४: गेला. ५०-६० च्या स्पीडला हलक्या ॲक्सिलरेटरवर बारीक थरथर जाणवते मात्र

मृणाल ए-६०२: कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच असेल. दुसऱ्या ड्रेननंतर कमी होते का बघा, नाही झाली तर मग बोलू. पूर्ण बरी झाली असं आत्ता म्हणणार नाही मी

कुलकर्णी बी-५०३: उत्तम. आता १४ नंबरची फरशी कोण साफ करणार? तिथे माझी आई चालते.

जाधव काका बी-१०१: लाकडाचा भुसा टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडा. मग साबणाचं पाणी.

सचिन ए-२०४: मी करतो काका. आजच

साठे सेक्रेटरी: पिचकारीची नोटीस काढण्यात आली आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी.

गोखले काकू ए-१०२: आत्ताच बघून आले. काढलेली नाही, उलटी करून मागच्या बाजूला रॅम्पचे नियम लिहिलेत. उजेडात आरपार वाचता येतंय. आणि ड्रायव्हरशी कोण बोलणार ते कळवा, तो सहाला येतो.