अंदमान-निकोबारसाठी एलसीयू की हॉवरक्राफ्ट?

सागरमार्ग (प्रश्न): कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने नौदलासाठी बांधलेल्या आठ मार्क 4 एलसीयू (सैन्य व रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या) नौकांचा वेग ताशी जेमतेम 15 सागरी मैल आहे, अमेरिकेचे एलसीएसी हे हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारे यान, मात्र रणगाडा घेऊन ताशी 40 सागरी मैलांनी थेट वाळूवर चढते. मग आपल्या नौदलाने संथ नौका का पसंत केल्या असाव्यात?

दर्यावर्दी: नौका निघणार कुठून, हे आधी पाहावे लागते. एलसीएसी मोठ्या जहाजाच्या वेल डेकमधून, म्हणजे मागच्या बाजूला पाणी आत घेता येणाऱ्या कप्प्यातून, निघते आणि माल उतरवून तिथेच परतते; ते जहाज जवळ नसेल तर तिचा उपयोग फार थोडा. अंदमान-निकोबारची बेटे उत्तर-दक्षिण 700 किलोमीटरांहून अधिक अंतरात विखुरलेली आहेत. सुमारे 63 मीटर लांबीची एलसीयू पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्री विजयपुरम) स्वतःच्या बळावर दक्षिण टोकाजवळच्या कॅम्पबेल बेपर्यंत जाते, अर्जुन रणगाडा उतरवू शकते आणि वादळानंतर मदतसामग्रीही पोहोचवते. शिवाय हॉवरक्राफ्टची गॅस टर्बाइन इंजिने अफाट इंधन पितात आणि त्याची रबरी झालर सतत झिजते.

खाडीकाठ: पल्ल्याचा मुद्दा मान्य आहे, पण किनाऱ्याचा विचार आपण टाळला आहे. डिसेंबर 1971 च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातील कॉक्स बाजारजवळ घडियाल आणि गुलदार या जहाजांवरून गुरखा जवानांना उतरवताना जहाज वाळूच्या दांड्यावर टेकले, परंतु दांड्याच्या पुढे पाणी पुन्हा खोल होते आणि पाठीवर ओझे असलेले काही जवान बुडाले. अशा दांड्यांवरून हॉवरक्राफ्ट सहज जाते. कच्छच्या चिखलाळ खाड्यांत तर एलसीयू फसण्याचीच शक्यता अधिक. तटरक्षक दल हॉवरक्राफ्ट वापरते ते उगीच नव्हे, जरी ती हलकी असून रणगाड्यासाठी नाहीत.

तोफखाना: वेगाची किंमतही पाहावी. पाण्यात ताशी 25 सागरी मैल धावू शकणारे ईएफव्ही हे उभयचर वाहन अमेरिकेने 2011 मध्ये अतिखर्चामुळे रद्द केले, आणि नंतर स्वीकारलेले आठ चाकी एसीव्ही पाण्यात बरेच संथ आहे. अर्थात, त्यामुळे जहाजाला शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात, किनाऱ्याजवळ यावे लागते, हा तोटा तसाच राहतो.

दर्यावर्दी: कॉक्स बाजारचे उदाहरण समर्पक आहे. मात्र तिथे उणीव नौकेपेक्षा किनाऱ्याच्या माहितीची होती. पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांकडून खोली आणि उतार आधीच मोजून घेतल्यास एलसीयूही योग्य जागी टेकवता येते. कच्छबाबत आपले म्हणणे मला पटते.