वर्षभर काय वाचलं: वाचनवही कशी ठेवता?

माळा आवरताना जुनी वाचनवही निघाली. नुसती नावं नि तारखा, आत काय होतं ते काही आठवेना. म्हणून हा धागा. हल्ली पुस्तकाला अर्धं पान: सुरू-संपल्याची तारीख, प्रकाशक, आवृत्तीचं साल आणि तीन ओळी. कादंबरी असेल तर गोष्ट कोण सांगतंय आणि कुठे अडखळायला झालं. वैचारिक असेल तर लेखकाचा मुद्दा आपल्या शब्दांत, पुरावा पान क्रमांकासकट. दोन दिवसांत लिहा, उशीर झाला की मलपृष्ठावरचाच मजकूर वहीत उतरतो.

—

आवृत्ती हवीच हवी! गोडसे भटजींचं १८५७च्या बंडातलं प्रवासवर्णन, 'माझा प्रवास' घ्या. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलं ते मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून इतिहासकार दत्तो वामन पोतदारांनी काढलेली प्रत १९६६ची. कुठली वाचली ते माहीत नसेल तर अवतरण कुठल्या तोंडाने द्यायचं?

—

+१. इरावती कर्वेंच्या 'युगान्त'सारख्या पुस्तकात प्रत्येक लेखाची वेगळी नोंद करा. नाहीतर कुंती, द्रौपदी, कर्ण सगळे एका ओळीत कोंबले जातात.

—

दिवाळी अंक कसे धरायचे?

—

अंक नको, कथा मोजा. लेखक, कथा, अंक, साल. पुढे संग्रहात तीच कथा आली की लगेच ओळखू येते.

—

कुकर लावलाय, घाईत लिहिते. माळ्यावरची वही ना? आधी कसर (कागद खाणारी कीड) बघा, शिवणीपाशी आणि कोपऱ्यांत. दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवा. उन्हात नको, कागद पिवळा पडतो, बांधणीचा डिंक तडकतो.

—

कडुनिंबाचा पाला ठेवला तर?

—

खडखडीत वाळलेलाच, कापडी पुरचुंडीत. ओलसर राहिला तर बुरशी धरते.

—

मूळ विषयावर: अर्धवट सोडलेलीही लिहा. कितव्या पानावर, का? अक्षर बारीक होतं की विषयच नकोसा झाला? पुढच्या वर्षीची खरेदी यावरूनच ठरते. आणि आकड्यामागे धावू नका. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी, एवढंसं पुस्तक, दोन बैठकींत संपतं, पण तिची नायिका हॅर्टा महिनाभर सोडत नाही. त्याला अर्धं नाही, तीन पानं द्या.

—

हो, आणि वही स्पायरलची नको, भोकांपाशी पानं फाटतात. शिवलेली शंभर पानी घ्या आणि पहिली चार पानं अनुक्रमणिकेला कोरी सोडा.