टाक्यांचा दर आणि खरा खर्च

ताई, मशीनवरच्या भरतकामाला हजार टाक्यांमागे ठरावीक दर लावूनही महिनाअखेरीस हातात काही उरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. टाक्यांबरोबर वेळही मोजा. ८,००० टाक्यांचा लोगो मिनिटाला ८०० च्या वेगाने १० मिनिटांत व्हावा. पण कापड फ्रेममध्ये ताणून बसवणं, रंग बदलणं, तुटलेला दोरा पुन्हा ओवणं, कापडामागे आधाराला लावलेला पेपर फाडणं धरलं की ठाण्यातल्या माझ्या एका सुईच्या मशीनवर सहज २० होतात. डिजिटायझिंगचे, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवण्याचे, समजा ५०० रुपये झाले, तर ५ शर्टांवर नगामागे १०० पडतात, ५० शर्टांवर फक्त १०. म्हणून ते बिलात वेगळेच लावा. आणि कापड गिऱ्हाइकाचं असेल तर जोखमीचे जास्त घ्याच! एक पैठणीचा ब्लाउजपीस माझ्याकडून फ्रेममध्ये फाटला, आठवड्याची कमाई भरपाईत गेली.