मदत हवी आहे: बाणकोट खाडीच्या मुखाचा जुना सागरी नकाशा, साल कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. सावित्री नदीच्या मुखाचा एक इंग्रजी सागरी नकाशा हाती आलाय. उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला वेळासपर्यंतचा किनारा, आणि बाणकोटच्या किल्ल्यावर ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ लिहिलंय. पण किल्ल्याला ते नाव 1756 च्या आसपास मिळालं आणि पुढे टिकून राहिलं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

अडचण अशी, की फ्रेमसाठी कुणीतरी खालची पट्टी कापली आहे. प्रकाशनाची तारीख आणि दुरुस्त्यांची साल नेमकी तिथेच छापलेली असतात! वरच्या कडेला तांब्याच्या पत्र्याचा दाब बोटाला लागतो, म्हणजे हल्लीची डिजिटल प्रत नसावी. खोली फॅदममध्ये (एक फॅदम म्हणजे सहा फूट) आहे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवरच्या आकड्यांखाली रेघ आहे. होकायंत्राच्या चक्रात चुंबकीय फरकाचा (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन, जो वर्षागणिक बदलतो) आकडा वाचता येतो, साल मात्र पुसलंय. उजेडासमोर धरून पाहिला, जलचिन्ह (कागद बनवताना त्यात उमटवलेली खूण) दिसलं नाही.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत आजच्या उपग्रहचित्रावर बसवून पाहिला. खडकाळ टोकं चपखल बसतात, मुखावरचा वाळूचा दांडा मात्र भलतीकडे. तो दर पावसाळ्यात हलतो, तेव्हा पुरावा म्हणून कुचकामी.

विकायचा नाही, किंमत नको. कागद ठिसूळ झालाय, कुरिअरने पाठवता येणार नाही. हवे तेवढे फोटो देतो. चुंबकीय फरकाच्या आकड्यावरून साल मागे मोजत जाणं कोकण किनाऱ्यासाठी भरवशाचं आहे का? की डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयात किंवा इंग्लंडमधल्या टॉन्टनच्या ब्रिटिश जलसर्वेक्षण कार्यालयाच्या संग्रहात जुन्या आवृत्त्या ताडून पाहायला मिळतात, आणि त्यासाठी अर्ज नेमका कसा करायचा?