मदत हवी आहे: मुंबई–टोकियो विमानप्रवासाचे तास नेमके किती धरावेत?

नमस्कार. माझे आईबाबा येत्या जानेवारीत आमच्याकडे टोकियोला यायचे आहेत. बाबा ७४ वर्षांचे असून दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. विमानात ते कधी घ्यायचे हे ठरवून देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांनी एवढेच विचारले, की प्रवास नेमका किती तासांचा आहे. या साध्या प्रश्नावर घरात आठवडाभर घोळ चालू आहे.

बाबांची सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली, त्यामुळे वेळापत्रक हा त्यांचा हक्काचा प्रांत. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडून त्यांनी मला फोटो पाठवला: मुंबईहून रात्री ८ ला सुटून सकाळी ७.४५ ला टोकियो, म्हणजे पावणेबारा तास. परतताना सकाळी ११.१५ ला निघून संध्याकाळी ५.४५ ला मुंबई, म्हणजे साडेसहा तास. खाली शेराही आहे, "येताना उतार दिसतो." तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, हे धरले की जातानाचे सव्वाआठ आणि येतानाचे दहा तास होतात. म्हणजे उतार जातानाच लागतो. हिवाळ्यात जपानच्या बाजूला उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहाचा वेग अनेकदा ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. तो जाताना पाठीशी असतो आणि परतताना समोरून येतो.

अंतराबाबतही माझा गोंधळ आहे. दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा ढाक्याजवळून जाते, पण मुलीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तेव्हा तो भूतानवरून गेला. विमाने मात्र तिबेटचे पठार शक्यतो टाळतात, कारण आतला हवेचा दाब अचानक घटला तर विमानाला तीन हजार मीटरच्या आसपास उतरावे लागते आणि ते पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर याहून जास्त पडत असणार.

दिल्लीमार्गे गेल्यास एकूण अंतर जेमतेम ७,००० किलोमीटर होते, म्हणजे दिल्ली जवळपास वाटेवरच आहे. सिंगापूरमार्गे ते ९,३०० च्या घरात जाते, म्हणून तो पर्याय मी सोडून दिला. परंतु बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने सलग दहा तास बसून राहण्यापेक्षा दिल्लीत दोन-तीन तास पाय मोकळे झालेले बरे, असे आईचे म्हणणे आहे. मला विमान बदलण्याची दगदग त्याहून जड वाटते.

तेव्हा जानेवारीत टोकियोहून मुंबईला थेट परतलेल्यांनी कृपया सांगावे, की दाराबाहेर पडून पुन्हा दारात येईपर्यंतचा वेळ नव्हे, तर आसनावर पट्टा बांधल्यापासून विमानातून उतरेपर्यंत तुम्हाला प्रत्यक्ष किती तास लागले? दहा तासांवर आणखी किती सूट ठेवून डॉक्टरांना आकडा कळवावा? आणि ज्येष्ठांना घेऊन दिल्लीमार्गे गेलेल्या कोणाला तिथला थांबा खरोखर विसावा वाटला का?