पद्मिनीचा तळ आणि सिल नवीन पत्र्यात बनवायचेत, सल्ला हवाय

खाडीकाठ_देवगड: मंडळी, बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, घर खाडीला लागून आणि गाडी सहा पावसाळे ताडपत्रीखाली उभी. परवा आतलं मॅटिंग उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली सरळ जमीन दिसते, दोन्ही सिलमध्ये (दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या) बोट आत जातं. तयार पॅनल शोधून थकलो, मिळाले ते पण गंजलेलेच. इथला डेंटिंगवाला म्हणतो सगळं एकदम कापू, जीआय (जस्त चढवलेला) पत्रा ठोकू, वरून फायबर, चार दिवसांत गाडी न्या. मला पटत नाहीये. गाडी विकायची नाही, आईला तिच्यातूनच कुणकेश्वरला न्यायचंय. कुठला पत्रा घेऊ, सुरुवात कुठून करू?

पत्राकाम_कुडाळ: दादा, दोन्ही सिल एकदम अजिबात कापू देऊ नका!! हिला जीपसारखी वेगळी चासी नाही, १९५३ ला नवी फियाट ११०० आली तीच मोनोकॉक, म्हणजे बॉडी हीच चासी, पद्मिनी तिच्यातूनच आलेली, म्हणजे तळ नि सिल हाच गाडीचा कणा. आधी दारं लावून फटी मोजा आणि मार्करने बॉडीवरच लिहून ठेवा, मग गाडी सपाट जागी स्टँडवर चारही बाजूंनी सारखी टेकवून दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप तिरके वेल्ड करा, आणि मगच एका बाजूची सिल कापा. ती पूर्ण होऊन दार नीट बसलं की दुसरी. माझ्याकडे एका गाडीत हे राहिलं, गाडी मधे बसली, दार काही केल्या लागेना, सगळं वेल्डिंग परत उघडलं.

पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी, घ्या. तळ-सिलला १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी, तरी गंज नसलेल्या जागी व्हर्नियर लावून मूळची जाडी बघाच.

मालवणी_गॅरेज: जीआय नकोच. वेल्ड करताना जस्त जळता, त्या धुरान रात्री ताप भरता माणसाक. आणि जळल्या जागेक जस्त रवत नाय, गंज थयसूनच सुरू.

पत्राकाम_कुडाळ: बरोबर. अजून एक, कापलेला गंजका तुकडा फेकू नका, त्याच्यावरूनच पुठ्ठ्याचा फर्मा निघतो. सिलच्या सरळ घड्या एमआयडीसीत बेंडिंग मशीनवर करून घ्या, हाताने तेवढी सरळ धार येत नाही. तळावरचे उठाव मात्र गाळू नका, ते नसले की पत्रा डब्यासारखा वाजतो आणि लवतो, जाड प्लायवूडमध्ये खाच पाडून त्यावर पत्रा ठेवून मोगरीने हळूहळू उतरवा. जोड सीओटू वेल्डिंगने, ०.८ मिमीची वायर, आणि सलग शिवण मारायची नाही, एक टाका इथे तर पुढचा लांब तिकडे, मधे गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा वाकडा होतो. मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा.

खाडीकाठ_देवगड: मनापासून आभार. आतून गंज परत येऊ नये म्हणून काय?

मालवणी_गॅरेज: सिलच्या खालची पाणी जायची भोकां बुजवू नकात, हेच चुकता बऱ्याच जणांचा. रंग झाल्यावर आत मेण मारा. आणि आपल्या हवेत उघडो पत्रो एका रात्रीत लाल होता, जेवढा काम त्या दिवशी, तेवढ्याक प्रायमर त्याच दिवशी.

खाडीकाठ_देवगड: ठरलं, डेंटिंगवाल्याला थांबवलं. रविवारी फटी मोजून आकडे इथेच टाकतो. कणकवली-कुडाळ भागात पातळ पत्र्यावर सीओटू चांगलं करणारं कोणी असेल तर सांगा, गाडी टेम्पोत घालून आणीन.