युतीबद्दल चाळीचं मत कसं काढायचं?

लालबागची_ताई: आमची चाळ 4 मजल्यांची. शाखेतल्या दादांनी वही दिली. म्हणाले, ‘ताई, दोघं ठाकरे एकत्र यावेत का, घरोघरी विचारून ये.’ बचतगटामुळे मला दार कुणी लावत नाही. सगळे म्हणाले, यायलाच हवेत! सरकारने शाळेतल्या हिंदीचा जीआर मागे घेतला, 5 जुलै 2025 ला वरळी डोमला दोघं एका मंचावर आले, तेव्हा आमच्या जिन्यात पेढे वाटले होते. मग नवल कसलं?

मलाच खुमखुमी. तळमजल्यावरचे काका कट्टर मशालवाले, म्हणजे उद्धव ठाकरेंचे. विचारलं, ‘महापालिकेला आपला वॉर्ड इंजिनाला, म्हणजे मनसेला सुटला तर?’ चहाची बशी ओठापाशीच थांबली. ‘उमेदवार कोण, ते बघू.’ शेजारच्या खोलीत इंजिनवाले, तिथे बरोब्बर उलटं. वहीत रकाने दोनच, होय आणि नाही. हे कुठे लिहू?

डेपोवाला: ‘होय’मध्ये नको. ऑगस्ट 2025 मधली बेस्ट कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची निवडणूक आठवा. दोघांचं एकत्र पॅनेल, जागा 21, हाती शून्य. टाळ्या मीही वाजवल्या होत्या, मत दुसऱ्या पॅनेलला. पतपेढीत माणूस आधी स्वतःच्या कर्जाचं बघतो हो.

विरार_फास्ट: बंद खोल्यांचं काय केलंत? मी विरारला राहतो, यादीत नाव अजून परळच्या चाळीत. मतदानाला येतोच, पण वही घेऊन माझ्याकडे आजवर कुणी फिरकलं नाही.

जुना_मनसैनिक: 2017 ला आमचे 7 नगरसेवक आले, त्यातले 6 त्याच वर्षी सेनेत गेले. वॉर्ड कुणालाही सुटू दे, माणूस कुठे सुटतोय ते विचारा 😄

लालबागची_ताई: बंद खोल्या 9 निघाल्या, शेजाऱ्यांकडून नंबर घेतले. आणि दुसऱ्या मजल्यावरची सून सासऱ्यांसमोर ‘होय’ म्हणाली होती, ती नळावर भेटल्यावर म्हणते, ‘मला विचारलंच कुठे, त्यांना विचारलंत.’ म्हणून फरसाणाच्या डब्याला भोक पाडलं आणि चिठ्ठ्या घेतल्या. प्रश्न एकच: वॉर्ड दुसऱ्याला सुटला तरी देणार का? कोऱ्या चिठ्ठ्याच जास्त निघाल्या.

काल डबा आणि वही दोन्ही शाखेत नेली. दादांनी वहीतल्या ‘होय’च्या पानाचा फोटो काढला. डब्याचं झाकण लावून म्हणाले, ‘हा राहू दे तुझ्याकडे, भाऊबीजेला चकल्या भरायला होईल.’